औषधापूर्वीची प्रार्थना

ज्या दिवशी सगळे माझ्याशी गोड बोलू लागले, त्याच दिवशी मी ओळखले की काहीतरी लपवताहेत. एरवी आमच्या कुर्ल्याच्या खोलीत माझ्याशी गोड बोलायला सवड कुणाला होती? मी बिस्किटांच्या कारखान्यात डबे भरायला जाई, माझे मालक शांतवन वर्कशॉपात फिटर. दोन महिने खोकला होता. मग एका सकाळी पदराला रक्त लागले, तेव्हा ते मला दवाखान्यात घेऊन गेले.

छातीचा फोटो काढला. डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरशी इंग्रजीत बोलले, माझ्याकडे न बघता मालकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना बाहेर नेले. परत येताना मालकांनी वाटेत मोसंबी घेतली. आमच्या नगरकडे मोसंबी मरणाऱ्यासाठी आणतात.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काही नाही. छातीत जरा डाग आहे."

"डाग म्हंजे?"

"डाग म्हंजे डाग. तू मोसंबी खा."

चार दिवसांत गावाहून सासूबाई आल्या आणि आमच्या रत्नाला घेऊन गेल्या. रत्ना तेव्हा चार वर्षांची. मला वाटले, ही पोर आता मला परत देणार नाहीत. मी मरेन म्हणून नव्हे. जगले तरी देणार नाहीत.

हे मी लिहिते आहे ते आज कुठल्यातरी वॉर्डात पडून गोळीकडे वाकड्या नजरेने बघणाऱ्या बायांसाठी. मी चौथीपर्यंत शिकलेली. आई आजारी पडली तेव्हा शाळा सुटली. औषधांची नावे मला सांगता यायची नाहीत. मी काय चुकले तेवढे सांगता येईल.

खाटेवर

अंधेरीच्या पूर्वेला, मोठ्या रस्त्यापासून बरेच आत, मिशनचे क्षयाचे एक लहान इस्पितळ होते. आमच्या चर्चच्या पाळकांनी चिठ्ठी दिली म्हणून तिथे फुकट खाट मिळाली. बायकांच्या वॉर्डात बारा खाटा. मागे दगडाची खाण होती, दुपारी सुरुंग उडत आणि खाटांच्या लोखंडी दांड्या थरथरत. पश्चिमेचे वारे असले की वर्सोव्याच्या सुक्या बोंबलांचा वास थेट उशीपर्यंत येई. कोकणातल्या बाया तो वास घेऊन रडत. मला मात्र मळमळे.

पहिले दोन महिने उठून बसायचीही परवानगी नव्हती. वेणी सिस्टर घालणार, तोंड सिस्टर पुसणार. खाटेखाली झाकणाचा एक डबा, त्यात थुंकायचे. तो रोज उकळायला जाई. एक दिवसाआड सुई. आणि रोज चार वेळा गोळ्या, एका वेळेला चार, पांढऱ्या, अंगठ्याएवढ्या. त्या पोटात गेल्या की तासभर आतडी पिळवटत.

माझ्या शेजारच्या खाटेवर गोदाबाय होती. सावंतवाडीकडची, नवरा गिरणीत, बिऱ्हाड घाटकोपरला. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी आणि तोंडाची फार खराब. गोळ्यांची बशी दिसली की तिचे सुरू होई.

"ह्यो गोळयो न्हंय, कवलांचे तुकडे आसत, मेल्यांनो! घराची कवलां उतरवन् आमका चारतत!"

सिस्टर सलोमी हसे. "गोदाबाई, गिळा आणि मग शिव्या द्या."

"आधी शिवी, मगे गोळी. नायतर उतराची नाय."

आणि खरेच शिवी देऊन ती चारही गिळी.

मी कधी तोंड उघडले नाही. मी बशी दोन्ही हातांनी घेई. आमच्या वॉर्डात एक रीत होती, मिशनच्या घरी जेवणाआधी असते तशीच. औषध हातात आले की सिस्टर म्हणे, "प्रार्थना करू या." सगळ्या डोळे मिटत. सिस्टरही मिटे. त्या औषधाबद्दल ती देवाचे आभार मानी, ज्यांनी ते पाठवले त्यांचे मानी, आमेन म्हणे. एवढे होईतो चांगला वेळ जाई.

त्या वेळात मी तीन गोळ्या पदरात सोडी. एक तोंडात घाली. आमेन म्हणून पाणी पिई. सिस्टर पुढच्या खाटेकडे गेली की तिन्ही गोळ्या थुंकीच्या डब्यात जात.

का, ते सांगते. माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला तालुक्याच्या दवाखान्यात गेली होती. तिला वाटीभर पांढरे औषध पाजलेले मी डोळ्यांनी पाहिले. संध्याकाळी ती गेली. त्या औषधानेच गेली की काय ते मला आजही ठाऊक नाही. पण पांढरे औषध म्हटले की माझ्या मनात ती वाटी येई. त्यात वॉर्डातल्या एका बाईने पहिल्याच आठवड्यात कानात सांगितले होते, "फुकटच्या खाटेवर नवी औषधं आजमावतात गं. आपण मेलो तर लिहून ठेवतात." सुई चुकवता येत नव्हती. गोळी चुकवता येत होती. आणि एक गोळी मी घेतच होते ना? म्हणजे अगदीच फसवत नव्हते, अशी मी मनाची समजूत घातली होती.

आज्ञा

दर बुधवारी राहेलबाई येत. त्या बायबलबाई. म्हणजे मिशनने नेमलेली बाई, घरोघर आणि इस्पितळात जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी. पांढरे लुगडे, काळी छत्री, चालणे तुरुतुरु. आमच्या वॉर्डात त्यांचा विषय नेहमी एकच. ख्रिस्त देवाचा पुत्र होता, तरी त्याने जे सोसले त्यातून तो आज्ञा पाळायला शिकला. मग आपण कोण?

"दुःख ही शाळा आहे," राहेलबाई म्हणत. "शाळेतून पळून जायचं नसतं."

मला ते पटत नव्हते. शाळेतून मी पळून गेले नव्हते, मला काढले होते. आणि आज्ञा म्हणजे कुणाची? आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो गावची आज्ञा पाळून पाळून पाठ मोडली म्हणूनच. पाटलाने हाक मारली की धावायचे, मेलेले ढोर ओढायचे, वेशीबाहेर राहायचे. त्यातून सुटायला ते मिशनच्या दारी आले. आणि आता इथे त्यांच्या नातीला सांगतात, सोस आणि ऐक. मुकादम तेच सांगतो. सासूबाई तेच सांगतात. ज्याच्या हातात सत्ता त्याला हे वचन भारी आवडते, असे माझ्या मनात येई. राहेलबाई निघताना मेट्रनच्या, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या वरच्या बाईंच्या, खोलीत जात. तिथे आमच्या चहाड्या करत असतील असेही येई.

पण तोंडाने मी "हो बाई" म्हणे. त्यामुळे एक दिवस राहेलबाईंनी सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट केले. "सगुणाकडे बघा. कधी कुरकुर नाही, तक्रार नाही. आज्ञाधारक कसं असावं ते हिच्याकडून शिका."

बाकीच्या बाया माझ्याकडे बघू लागल्या. गोदाबाय छताकडे बघत पडली होती.

"शिकतंय," ती म्हणाली. "बरांच शिकतंय."

तेव्हा मला वाटले, ही माझा हेवा करते.

मालक रविवारी येत. बाक खाटेपासून लांब ठेवत, ते मी बघून ठेवले होते. रत्नाबद्दल विचारले की म्हणत, "मजेत आहे. शेरडांच्या मागं पळते." मला विचारते का, म्हटले की खिडकीबाहेर बघत. एकदा त्यांच्या सदऱ्याला नवे बटण लावलेले दिसले. कुणी लावले? तो अख्खा आठवडा मी त्या बटणाचा विचार केला. पुढच्या रविवारी विचारले.

"मीच लावलं. का?"

"सरळ लागलंय."

"अगं, फिटर आहे मी!"

मला हसू आले नाही. आज येते.

दोन डब्या

सुईने ताप उतरला. वजन वाढले. मला वाटले, बघा, गोळ्यांवाचूनच बरी होते आहे. माझा संशय खरा ठरला म्हणून मला एक प्रकारचा आनंदही झाला. सहाव्या महिन्यात थुंकी तपासायची पाळी आली. सकाळी तोंड धुण्याआधी प्रत्येकीने आपापल्या नावाची चिठ्ठी लावलेल्या लहान डबीत थुंकायचे, डब्या खिडकीत ठेवायच्या, तिथून सिस्टर घेऊन जाई.

गोदाबायची थुंकी साफ निघाली. माझ्यात जंतू निघाले, पहिल्याइतकेच.

रोज शिव्या देणारी, देवाचे नाव न घेणारी बाई बरी. आणि मी? मला एकच गोष्ट सुचली. आमच्या दोघींच्या डब्या खिडकीत शेजारीशेजारी होत्या. गोदाबायला घरी जायची घाई झाली होती, येत्या आयतवारी येते म्हणून तिने नवऱ्याला सांगूनही ठेवले होते. तिनेच चिठ्ठ्या बदलल्या असणार. विचार करता करता मला तिचा हात खिडकीकडे जाताना दिसूसुद्धा लागला. मी मेट्रनकडे गेले आणि तसे सांगितले. पाहिले म्हणून सांगितले. हे लिहिताना हात अडतो, पण सांगितले.

गोदाबायचे घरी जाणे थांबले. दोघींची पुन्हा तपासणी होणार, दोन आठवडे, सिस्टरच्या डोळ्यांदेखत.

गोदाबाय माझ्या खाटेशी येऊन उभी राहिली.

"मी डबी बदललंय म्हणतंस?"

मी भिंतीकडे तोंड केले.

"अगो, थुंकी म्हणजे काय शेजारणीकडची कढी आसा, वाटी देवन् वाटी घेवक? हंय बघ माझ्याकडे."

मी बघितले नाही. ती खाली वाकली आणि हळू आवाजात बोलली.

"तुमचो देव तुमका डोळे मिटूक सांगता. माका कोणी सांगूक नाय. सहा म्हयने मी डोळे उघडे ठेवन् बसलंय. तुझ्या पदरात काय पडता ता माका म्हायत आसा."

मी तिच्याकडे वळले.

"मग... मग सांगितलं का नाहीस?"

"कोणाक? तुझो देव सगळा बघता म्हणान तूच म्हणतंस मा? तो गप्प, तर मी कशाक सांगू?" ती सरळ उभी राहिली. "आनी मी तुझ्यासारखी चहाड नाय."

दोन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. मेट्रनशीही नाही. रोज सकाळी मी वाट बघे, आज ही सांगणार. तिने सांगितले नाही.

बरगड्या

दुसऱ्या तपासणीत गोदाबाय पुन्हा साफ. मी पुन्हा तीच.

डॉक्टरसाहेबांनी मला आपल्या खोलीत बोलावले. माझा फोटो उजेडापुढे धरला. "सगुणाबाई, तुम्ही सगळं नियमानं केलंत. पण औषध तुम्हाला लागू पडत नाही. दोष तुमचा नाही. आता एकच उपाय. डाव्या बाजूच्या बरगड्या काढून ते फुप्फुस दाबून टाकायचं. मोठ्या इस्पितळात पाठवतो. मालकांना सही करायला बोलवा."

दोष तुमचा नाही, असे म्हणाले. ते मला सर्वांत जास्त लागले.

किती बरगड्या, मी विचारले. पाच-सहा, ते म्हणाले. नंतर वजन उचलता येईल का? फार नाही, ते म्हणाले. रत्नाला उचलून घेता येईल का, हे मी विचारलेच नाही.

बुधवार होता. राहेलबाईंना कळले होते. त्या आल्या, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि तेच वचन काढले. पुत्र असूनही सोसण्यातून शिकला. "डॉक्टर म्हणतात तसं करायचं, बाळ. देव कसोटी बघतो. गप्प राहून सोसायचं." आणि शास्त्र तसेच उघडे माझ्या उशाशी ठेवून त्या दुसऱ्या खाटेकडे गेल्या.

मी बोट ठेवून वाचते, अजूनही. ते वाक्य शोधताना बोट एक ओळ वर पडले. तिथे लिहिले होते की तो देहात होता तेव्हा मोठमोठ्याने ओरडला, रडला, मरणातून सोडवू शकणाऱ्याला विनवण्या केल्या, आणि त्याचे ऐकले गेले. मी ते तीनदा वाचले. सहा महिने दर बुधवारी खालचे वाक्य ऐकत होते, वरचे कुणी वाचले नव्हते. गप्प राहिला असे तिथे नव्हतेच. त्याने आपली भीती बापाला सांगितली होती, ओरडून सांगितली होती. मग उठून क्रुसाकडे गेला होता.

आणि मी? मी एकदाही कुणाला म्हटले नव्हते, मला या गोळीची भीती वाटते. "हो बाई" म्हणत होते. आजोबा पाटलाला "जी" म्हणत, तसले ते "हो" होते. तोंडावर जी, मनात शिवी. गोदाबाय शिवी तोंडावर देत होती आणि गोळी पोटात घालत होती. ख्रिस्ताचे नाव न घेणारी बाई त्या वचनाच्या माझ्यापेक्षा जवळ होती.

"बाई," मी हाक मारली. माझा आवाज एवढा मोठा असेल हे मलाच ठाऊक नव्हते. "मी गोळ्या खाल्ल्याच नाहीत!"

राहेलबाई वळल्या.

"काय म्हणतेस?"

"चारातली एक खाल्ली. तीन डब्यात टाकल्या. रोज. प्रार्थना चालू असताना. मला भीती वाटते त्यांची. आणि गोदाबायनं डबी बदललेली मी बघितली नाही. मी खोटं बोलले."

राहेलबाई खाली बसल्या. सिस्टर सलोमीच्या हातातली बशी तशीच राहिली. कुणीतरी म्हणाले, "अरे देवा." गोदाबाय आपली पिशवी भरत होती, ती भरतच राहिली.

खरे सांगायचे तर मी हे वचनामुळे बोलले, की बरगड्यांच्या भीतीने, की गोदाबाय आज सांगेल उद्या सांगेल म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. तिन्ही असेल. देवाला कोणते पोचले ते देव जाणे.

डॉक्टरसाहेब आले ते ओरडतच. "तुम्हाला कल्पना आहे का तुम्ही काय केलंत? नुसत्या सुईनं जंतू मरत नाहीत, निर्ढावतात! आता तीही सुई चालेल की नाही कुणास ठाऊक. आणि मी तुमच्या बरगड्या कापायला निघालो होतो!"

मी रडत म्हणाले, "साहेब, माझी बहीण पांढऱ्या औषधानं गेली."

ते थांबले. स्टूल ओढून बसले. "कुठं? कधी? काय झालं होतं तिला?" सगळे विचारले. मी सगळे सांगितले. मग ते म्हणाले, "ते औषध काय होतं मला माहीत नाही. ती कशानं गेली तेही माहीत नाही, उगीच सांगणार नाही. हे काय आहे ते माहीत आहे." आणि त्यांनी बशीतली एक गोळी घेतली, माझ्यादेखत चावली. तोंड इतके वाकडे केले की पलीकडची बाई हसली.

"भयंकर आहे," ते म्हणाले. "पण विष नाही."

ऑपरेशन पुढे ढकलले, रद्द नाही. तीन महिने गोळ्या डोळ्यांसमोर घ्यायच्या, मग ठरवू. तेव्हा एक नवी बारीक गोळीही आली होती, तीही सुरू केली. तिच्याकडेही मी संशयानेच बघितले. पण आता बघून विचारी, "सिस्टर, ही कशाची? हिनं काय होतं?" सिस्टर सलोमी कंटाळून म्हणे, "सगुणा, तू गप्प होतीस तेच बरं होतं गं." प्रार्थना चालूच राहिली, सिस्टर तेवढी आता माझ्याकडे बघत आभार मानी. मला त्याची लाज वाटे आणि बरेही वाटे. उलट्या होत. उलटीत गोळी गेली की पुन्हा द्या म्हणून मीच मागे.

गोदाबाय दुसऱ्या दिवशी गेली. मी तिचे पाय धरायला वाकले तर तिने पाय मागे घेतले.

"माझे पंधरा दीस खाल्लंस तू," ती म्हणाली. "गोळयो खाल्लं असतंस तर बरां झाला असता."

त्यावर हसावे की रडावे ते मला कळेना. तिने क्षमा केली की नाही, ते मला ठाऊक नाही. घाटकोपरचा पत्ता तिने दिला नाही.

तीन महिन्यांनी जंतू कमी दिसले. बरगड्या राहिल्या. थुंकी साफ निघायला आणखी आठ महिने लागले. ती पहिल्यांदा साफ निघाली तेव्हा मी मेट्रनला म्हणाले, "पुन्हा बघा, चूक झाली असेल." त्यांनी पुन्हा बघितली. मग तिसऱ्यांदाही. त्यानंतरही सहा-सात महिने मला ठेवून घेतले.

घरी

कुर्ल्याच्या खोलीत मालकांनी जमीन सारवून घेतली होती. सासूबाई रत्नाला घेऊन आदल्या दिवशीच आल्या होत्या. मी दोन वर्षे ज्या बाईवर संशय घेतला तिने पोर स्वतः आणली होती, माझ्यासाठी बाजरीचे पीठही आणले होते. मी गेले तेव्हा त्या नळावर होत्या. मालक सामान उतरवायला खाली थांबले होते.

रत्ना दारात उभी होती. उंच झाली होती. पुढचा दात पडला होता. तिने मला ओळखले, ते तिच्या तोंडावर दिसले. पण ती पुढे आली नाही. दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी राहिली.

"ये की," मी म्हटले.

"नको."

"का गं?"

"आजीनं सांगितलंय, आईच्या जवळ जायचं नाही. आईला डाग आहे."

हे तिला कधी सांगितले असेल? नेताना सांगितले असेल, दोन वर्षांपूर्वी. नंतर ते मागे घ्यायचे कुणाला सुचले नसेल. पोरीने ते पाळले होते. शेरडांमागे पळताना, दात पडताना, पाळले होते. मालक खिडकीबाहेर का बघत, ते मला आत्ता कळले.

माझे हात पुढे गेले होते. मी तिला ओढून घेतली असती तर कुणी काही म्हटले नसते. मी हात खाली घेतले.

"आता डाग गेला," मी म्हणाले. "पण माझं ऐकू नको. जा, आजीला विचारून ये."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, खरे की खोटे ते पारखत. ती नजर माझीच होती. मग मला वळसा घालून खाली नळाकडे पळाली. मी दारातच उभी राहिले. खालून बादलीचा आवाज आला, आणि सासूबाईंचा, चाळभर ऐकू जाईल एवढा:

"अगं विचारतेस काय, भवाने! जा की! आई आहे ती तुझी!"